माहितीपत्रक, आवृत्ती चार

शब्दाला दीड रुपया मिळतो मला,
मूळ मजकुरातल्या शब्दाला, मराठीतल्या नव्हे,
त्यामुळे पाल्हाळ परवडत नाही.

कर्वे रस्त्यामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
मी तीन दिवस एका फुग्यापाशी अडकले.
'औषधाचा लेप असलेला फुगा.'
नीतिसमितीतल्या वकीलबाईंनी समासात लिहिलं:
फुगा म्हटलं की जत्रा आठवते. दुसरा शब्द पाहावा.
पाहिला. वातगोलक.
वातगोलक मेंदूत घालून घ्यायला कोण तयार होईल?
फुगाच ठेवला, खाली दोन ओळी वाढवल्या:
फुगवल्यावर बासमतीच्या शिताएवढा होतो.
जांघेतून आत, मानेतून वर, अरुंद जागी मिनिटभर थांबतो,
औषध भिंतीला लागलं की रिकामा करून काढून घेतात.
आत काही राहत नाही.
शेवटच्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ: औषध राहतं ना?
राहतं. खोडलं.

मग वाचलेलं माणसाला कळतं का, ते पाहायला
मला स्वारगेटजवळच्या रुग्णालयात बोलावलं.

सोपान पासलकर, वय सदुसष्ट. मूळ गाव धरणाखाली.
महापालिकेच्या पाणीखात्यात एकतीस वर्षं चावीवाले:
पहाटे साडेतीनला पर्वतीच्या टाकीवरून निघायचं,
छातीएवढी लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधून.
आता उजवा हात मांडीवर होता,
कुणी बसमध्ये विसरून गेलेल्या पिशवीसारखा.
मेंदूच्या डाव्या बाजूची धमनी ऐंशी टक्के बंद.
शब्द गेलेले, पण सगळे नाहीत.
आकडे आहेत. शिव्या शाबूत आहेत.
सुनेचं नाव नाही.

निलोफर वाचत होती, सावकाश, बोट ओळीखाली धरून:
'तुम्हाला फुगा मिळेल की फक्त गोळ्या,
हे संगणक ठरवेल. डॉक्टरांना निवडता येणार नाही.'
सुवर्णा, सून, ताडकन उठली.
म्हणजे चिठ्ठ्या टाकणार? आमच्या माणसावर?

त्या वाक्यावर मी चार दिवस घालवले होते.

पासलकरांनी डावा हात वर केला.
मूठ आवळून हवेत फिरवली, आटे मोजत,
एक, दोन, तीन, चार.
"पेठ... चालू. पेठ... ब... ब..."
शब्द येईना, तेव्हा एक ठसठशीत शिवी आली,
तिच्यावर सगळा वॉर्ड वळला.
निलोफरला काही कळलं नाही.
सुवर्णा मात्र खाली बसली.
एका पेठेला पाणी चढवायचं
तर दुसरीची चावी आवळावी लागते,
आणि पाणी कुठवर चढलं ते
कोरड्या पेठेत उभं राहिल्यावरच कळतं.
हे तिने सांगितलं, त्यांच्याकडे न बघता,
घरात शंभरदा ऐकलेलं असावं अशा कंटाळलेल्या आवाजात.

डाव्या हाताचा अंगठा. साक्षीदाराची सही. तारीख, वेळ.
संगणकाने उत्तर दिलं: गोळ्या.
"किती?" पासलकरांनी विचारलं.
आकडे त्यांना येत होते.

तीन महिन्यांनी निलोफरचा फोन.
तपासणीत चित्रं दाखवतात. घड्याळ, कंगवा, किल्ली.
घड्याळ आलं नाही, कंगवा आला नाही.
किल्लीवर बोट ठेवून म्हणाले, "माझी."
ताई, याला गुण द्यायचा का?

मला काय ठाऊक. माझ्याकडे आवृत्ती पाच आली होती,
'स्वैर वाटप' आता 'चिठ्ठी' झालं होतं,
वकीलबाईंनीच सुचवलेलं.

सुवर्णाने गोळ्यांची पाकिटं आणून दिली, म्हणाली निलोफर,
पिशवीभर, मोजून, रबर लावून.
रिकामी परत करायची असतात. पान अकरा.
ते वाक्य माझंच आहे.