तार

परभणीच्या सरकारी दवाखान्यात, जिन्याखालच्या लॅबमध्ये,
सुईच्या टोकावरून मी थेंब हळूच सोडते
आणि बघते, तार धरतोय का.
आई गुळपापडीचा पाक असाच बघायची,
बोटापासून अंगठा लांब लांब नेत.

चांगल्या गुडघ्यातलं पाणी बोटभर तार धरतं,
अंड्याच्या पांढऱ्यासारखं.
नागोराव ढग्यांचं
टपकन पडलं.

ते दाराशी उभेच. बसलं की उठवत नाही म्हणतात.
सेलूच्या जिनिंगमध्ये एकतीस वर्षं फिटर,
कान लावून सांगायचे, बेअरिंग कोरडं पडलंय की जळालंय.
"ह्याच्यात तेल कुठून घालत्यात, बाई?
निप्पल तर कुठं दिसंना."

आतूनच येतं, म्हटलं.
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अस्तर असतं सांध्याला,
पेशींचे एक-दोन थर, तीन म्हणजे डोक्यावरून पाणी.
त्यातल्या काही दिवसरात्र लांबच लांब साखळ्या ओवून
पाण्यात सोडतात, की पाणी दाटतं, निसरडं होतं.
काही त्यांच्याच मांडीला मांडी लावून
झिजलेला चुरा गिळतात, तुटक्या साखळ्यांचे तुकडे करतात,
कामाचं असेल ते माघारी लावतात.
परवाचं वंगण आज शोधून सापडणार नाही.
रोज नवं. पोळ्याला सुट्टी नाही.

"मंजी काळं तेल काढायला बी येगळा मानूस हाय!"
ते पहिल्यांदा हसले.
"आमच्याकडं त्यो बी मीच. ट्रे वडायचा,
अन् तेच तेल घरी दाराच्या बिजागरीला."

मग गप्प. मग म्हणाले,
जिनिंगला कुलूप लागलं तवापासून बसून हाय,
अन् तवापासूनच ह्यो ठणका.

काचेखाली पांढऱ्या पेशींचा बाजार भरलाय,
झाडायला आलेल्यांनीच दुकानं मोडलीत.
हे त्यांना सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं, औषधानं सूज उतरली की थोडं चालत जा,
हे यंत्र चालवलं तरच तेल सोडतं.
"उलटंच की," म्हणाले, आणि कागद घेतला.
तार या रकान्यात मी लिहिलं होतं : आखूड.

डॉक्टर वरच्या मजल्यावर.
त्यांची पावलं माझ्या डोक्यावरून चढतात
आणि मी काचपट्टी हातात तशीच धरून
कान लावते.
सहाव्या पायरीवर थांबले.

सातवी.