हातचा

हिशेब मी केला. चाळीस वर्षं मासळीच्या कारखान्यात
खतावण्या लिहिल्या, तेव्हा हिशेब माझाच.
वीजबिलाच्या पाकिटाची मागची बाजू,
आणि खिडकीबाहेर दुपारी दोनलाच पडलेली सेन्या बेटावरची रात्र.

डाव्या बाजूला डिझेल, टायर, सायलेन्सरचा गंज.
उजव्या बाजूला नवी गाडी,
जिची किंमत लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.
आम्ही जातो कुठे? गुरुवारी फिन्स्नेसला, दुकानात.
महिन्यातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे.
मुलगी आल्टाला; तिच्याकडे जूनमध्ये, आणि तीही हल्ली
"विमानानं या ना" म्हणते.
एवढ्याशा फिरण्यात पैसे वसूल व्हायला
एकोणीस वर्षं. आयलिफ आता त्र्याहत्तर.
ताळा पाहिला. पुन्हा पाहिला. एकोणीसच.

"थंडीत बॅटरी आखडते," शेजारचा उल्व म्हणाला,
"आपल्यासारखीच," आणि गुडघा धरून हसला.

मार्चमध्ये उजेड परतला
तेव्हा शोरूमच्या पोरानं गाडी दोन तासांसाठी दिली.
आयलिफ फेरीबोटीवर इंजिनवाला. बोटीच्या पोटातून
तीस वर्षांनी वर आला, कान खालीच ठेवून.
म्हणून चालवली मी.
"सुरू केलीस का?" त्यानं विचारलं,
तेव्हा आम्ही पुलाच्या मध्यावर होतो.

मग ते ऐकू आलं.
आधी वाटलं रेडिओ. मग वाटलं हीटर.
तो पुटपुटत होता, खिडकीकडे तोंड करून,
रस्त्याकाठच्या एकेका घराशी:
काय रे स्वेर्रे.
ऑसबियोर्ग, पडदे धुवायला झालेत गं.
इंग्वाल्ड, तुझी शिडी अजून माझ्याकडेच आहे.
सगळी बंद घरं. टपालपेट्यांवर बर्फ.
कधीपासून, ते मी विचारलं नाही.
डिझेलच्या आवाजाखाली हे किती वर्षं चाललं असेल.
स्वतःला ऐकू येत नाही, म्हणजे कुणालाच नाही,
असं धरून चालला होता बिचारा.

वळणावर कारखाना आला. माझा.
फाटकाला साखळी, छपरावर समुद्रपक्षी.
आयलिफ थोडा थांबला, मग म्हणाला,
अजून सुटली नाही वाटतं.

मी रस्त्याकडेच बघत राहिले.

घरी येऊन पाकीट काढलं.
एकोणीस. आकडा तसूभर हलला नव्हता.
हातचा एक राहत होता,
तो कुठल्या रकान्यात मिळवायचा
ते कारखान्यात कुणी शिकवलं नव्हतं.

सोमवारी फोन केला. पोरानं रंग विचारला.
म्हटलं, कुठलाही, फक्त सीट गरम होणारी हवी.
आणि रेडिओ नको.
"तो असतोच, आजी. त्याचे वेगळे पैसे नाहीत."
असू दे, म्हटलं.
लावणार नाही.