दोन गाठी

हडर्सफील्डच्या लायब्ररीत, मागच्या खोलीत,
मंगळवारी साडेदहाला
ब्रायोनी म्हणाली, उघडायचा नाही अजून.
आधी हात फिरव.
(इंग्रजीत तू-तुम्ही नसतं.
मी ‘तू’ ऐकते. बरं वाटतं.)

ती चोवीस वर्षांची, जन्मापासून अंध.
मी एकोणऐंशी.
माझं दिसणं मधूनच विरत चाललंय,
कडा शाबूत आणि मध्ये भोक,
जुन्या चादरीसारखं.

फिरवला हात.
थंडगार. पाटीसारखा, पण चौकट नसलेल्या.
पालथा केला तर चार रबरी पाय,
एक झिजलेला.
कुणाकुणाच्या टेबलांवर घसरलाय कोण जाणे.

बिजागरी तुझ्यापासून लांब हवी, ती म्हणाली,
लोक उलट्या बाजूने ओढत बसतात
आणि शिव्या मला.

डाव्या कडेला गोल भोक, चार्जरचं.
शेजारी चपटं एक.
त्यात काहीही घाल, पहिल्यांदा उलटंच जातं,
डोळसांचंसुद्धा.
मग जाळी. हिच्यातून ऊब येते,
गादीवर ठेवू नकोस, गुदमरतो.
उजव्या कडेला कानात घालायच्या वायरीचं भोक,
करंगळीचं टोकही जाणार नाही एवढं.

मी काही बोलले नाही.
सत्तावीस वर्षं कोल्न नदीकाठच्या गिरणीत
मी मेंडर होते.
तिथे शरयू कुणाला म्हणता आलं नाही,
शॅरी झाले.
सुटाचं कापड उतरत्या टेबलावर,
उत्तरेकडची खिडकी, आणि बोटं.
डोळ्यांना मागाहून कळायचं.
बोटांना आधी: इथे गाठ आहे,
इथे दोरा सुटलाय.
चिमट्याने गाठ वर घ्यायची, कापायची,
सुईने तिथली वीण अशी भरायची
की विणणाऱ्यालाही ओळखू नये.
मिसेस हॅलस पाठीमागून यायची,
तिची नखं कापडावरून चालत.
एक गाठ राहिली की अख्खा तागा परत
आणि त्या दिवसाचे पैसे गेले.

आता उघड. एका हाताने खालचं धर.

झाकण वर गेलं.
समोर उजेड आला असावा,
मला कडेकडेने पांढुरकं काहीतरी.
वरच्या काठाला टिकलीएवढा कॅमेरा,
त्यावर कुणीतरी जखमेची पट्टी चिकटवलेली.
राहू दे ती, म्हणाली.
वरच्या उजव्या कोपऱ्यातलं बटण
दाबायचं आणि सोडायचं.
धरून ठेवलंस तर बंद पडतो,
माझ्या आधीच्या बॉयफ्रेंडसारखा.

मग दोन्ही हात मधल्या ओळीवर.
सावकाश. घाई कसली.

डाव्या तर्जनीखाली लागलं.
केसाएवढी उंच रेघ.
उजवीखालीही तशीच.
अंगठा आपोआप जवळ आला,
मी नख लावलं, खरवडू लागले.

काय चाललंय? तिने आवाज ओळखला.
म्हटलं, गाठ राहिलीय. दोन आहेत.

ती इतकी हसली की बाहेरच्या बाईने
दारातून डोकावून पाहिलं.
अगं, त्या मुद्दाम ठेवल्यात!
एफवर एक, जेवर एक.
त्या सापडल्या की बाकी सगळं कुठे आहे ते कळतं.
हरवलीस की तिथे परत यायचं.

मुद्दाम.
मी बोटं उचलली, परत ठेवली.
पुन्हा उचलली.
मिसेस हॅलसने काय केलं असतं?
अख्खा लॅपटॉप परत पाठवला असता,
पायांसकट.

निघताना ब्रायोनीने कोट चढवला.
मी बाही ओढून दिली
तर मनगटापाशी एक दोरा वर आलेला, जाडसर,
लोकरीत फसलेला.
सुई असते माझ्याकडे, म्हटलं,
दोन मिनिटं लागतील.

नको नको, ती म्हणाली.
घरात सहा कोट आहेत, आम्ही तिघी राहतो.
तो हाताला लागला की कळतं,
हा माझा.

सुई पर्समध्ये परत ठेवली.
बसस्टॉपपर्यंत आम्ही एकमेकींना धरून गेलो,
कोण कुणाला नेत होतं, विचारू नका.