फट मिटताना

मोहोळ सोडून आत, सीनेच्या अलीकडे,
वीतभर काळ्या मातीखाली थेट काळा कातळ.
तीनशे बारा मीटरवर आम्ही थांबलो.
भ्रंश इथून चार किलोमीटर; नकाशावर तुटक रेघ,
रानात नुसती कडब्याची गंज.

दोन रबरी फुगे, एक वर, एक खाली,
मधल्या हातभर जागेत कोंडलेलं पाणी.
गड्डम पंप चालवतो. बोलत नाही, तेलुगूतही नाही.
एकशे चाळीस. एकशे साठ. एकशे सत्तर बार,
आणि काटा एकदम गळतो.
आवाज कसलाच नाही.
ट्रकच्या फळीवरचा चहासुद्धा हलला नाही,
खाली कातळ उकलला.

अहवालात याला प्रतिबल लिहायचं.
गड्डम म्हणतो, रेटा.
माझ्या वडिलांचा शब्द ताण:
साखर पेठेतल्या मागावर उभ्या धाग्यांवरून
ते बोटाची पाठ फिरवायचे
आणि न बघता सांगायचे, डावीकडं सैल आहे.
धागा ओढला की बोलतो.
दगडाला कुणी ओढत नाही,
सगळीकडून धरून ठेवलेलं असतं त्याला.
त्याचं ऐकायचं तर आधी फोडावं लागतं.

पण फुटण्याचा आकडा आम्हाला नको असतो,
त्यात दगडाचा स्वतःचा हट्ट मिसळलेला.
पंप बंद करायचा. थांबायचं.
फट मिटू लागते, आणि ज्या दाबाला ती
उघडी म्हणवत नाही, मिटलीही म्हणवत नाही,
तो लिहून घ्यायचा.
त्र्याऐंशी. पुन्हा भरा, पुन्हा सोडा.
ब्याऐंशी. त्र्याऐंशी.

रानमालक इरप्पा म्हेत्रे सकाळपासून बाजेवर.
त्र्याण्णवच्या त्या पहाटेनंतर
त्यांच्या विहिरीचं पाणी आठ दिवस गढूळ होतं.
"मग? कधी हलायचं म्हणतंय?"
काका, ते तसं सांगत नाही.
किती दाबलंय, एवढंच. आणि कुणीकडून.
"कुणीकडून?"

संध्याकाळी मऊ रबराची नळी वर आली.
तिच्यावर फटीचा ठसा, केसाएवढा, उभा.
होकायंत्र लावलं: उत्तर, जरा पूर्वेला कललेली.
त्यांनी मान वळवून तिकडं बघितलं.
"वैरागकडं. आमची धाकटी दिलीय तिकडं."
मग पुसू का, असं विचारावं तसं माझ्याकडं पाहून
ठशावरून बोटाची पाठ फिरवली.

मागे गड्डम पाईप मोजत होता,
तेलुगूत, मोठ्यानं.