पिशवीतून वाचणं

रोझलिन मॅकवान आली, चप्पल दाराबाहेर काढली.
पाणी नको म्हणाली, आधी नळ दाखवा.
मी हात धुतले, ती लांबून बघत राहिली.
अंगठा राहिला. बोटांच्या बेचक्या राहिल्या.
बांगड्या काढा बेन, त्यांच्याखाली अख्खं गाव वसतं.
फरीथी, म्हणाली.
मी परत धुतले.
फरीथी.

दांडिया बाजारात चाळीस वर्षं काढली,
भाजीवाल्याशी भांडण्यापुरती माझी गुजराती पक्की,
पण हा शब्द एवढा लांब असतो
हे त्या सकाळी कळलं.

पंखा बंद. खिडकी बंद. तोंडाला मास्क.
हिंचक्याची एक साखळी उतरवून
त्याच कडीला दोन लिटरची पिशवी.
हे गाल फुगवून बसले, हिंचका गेला म्हणून;
किडन्या गेल्या त्याबद्दल चकार शब्द नाही.
पोटातून निघालेल्या नळीकडे आठ दिवस पाहिलं नव्हतं,
कुणा दुसऱ्याचा सदरा चुकून अंगात आल्यासारखे
भिंतीकडे बघायचे.

सिस्टरनं त्यांनाच विचारलं, मला नाही:
काका, टोपण कोण उघडणार?
खाली रिक्षावाला कुणाला तरी मांडवीचे पैसे सांगत होता.
तो सौदा तुटेपर्यंत घरात कुणी बोललं नाही.
मग हे म्हणाले, मी.

टोक कशाला लागता कामा नये.
बोटाला नाही, पदराला नाही.
लागलं तर लागलं, पुसून चालत नाही, फेकायचं.
म्हटलं, म्हणजे सोवळं.
मास्कच्या वर तिचे डोळे हसले.
सासूबाईंचं सोवळं मी बावीस वर्षं पाळलं,
त्यात "का" विचारायची सोय नव्हती.
हिच्या सोवळ्यात मी सतरा वेळा "का" विचारलं,
सतराही वेळा तिनं हातातलं ठेवून सांगितलं.
सासूबाईंनी हिला माजघरात येऊ दिलं असतं का,
हा अठरावा मी गिळला.

बाहेर आलेलं पाणी छापील कागदावर धरा.
आरपार वाचता आलं तर ठीक.
तिनं पुढे केलेला पेपर गुजराती.
म्हटलं, बेन, बोलता येते, वाचता नाही.
डोक्यावर रेघ नसलेली ती अक्षरं
चाळीस वर्षं समोरून बोडक्यानं गेली,
मी कधी ओळख दाखवली नाही.
तिनं घरभर नजर फिरवली,
मराठी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, टेबलावर पसरलं.
वाचा.
पिवळसर पाण्यातून, जरा वाकडं:
संकष्टी. चंद्रोदय नऊ चौदा.
मुंबईचा, हे म्हणाले, बडोद्याचा नाही.
आठ दिवसांनी पहिल्यांदा कुणाची तरी चूक काढली.

मग वही. आत दोन हजार, बाहेर बावीसशे पन्नास.
वजन. सूज. पापड खाल्ला का, खरं लिहा.
(खरं ह्यांच्या अक्षरात नेहमी बारीक.)

मार्गशीर्षात एका पहाटे एकादशी दिसेना.
शाई आहे एवढं कळे, काय लिहिलंय ते नाही.
चष्मा पुसला. दिवा लावला. महिना उलटून पाहिला.
फोनवर तिनं विचारलं, वाचता येतंय?
नाही.
पिशवी फेकू नका, घेऊनच या.
ह्यांनीच टोपण लावलं, हात थरथरत होता,
टोक कुठेही लागलं नाही.

नऊ दिवस दवाखाना. मग घर.
हिंचका अजून एका साखळीवर, तिरका.

आता मंगळवारी ती मला मकरपुऱ्याला नेते.
नळाखाली हात धरून एक नवी सून उभी असते,
मी लांबून बघते.
अंगठा राहिला, म्हणते.
पोरगी आपली, नगरकडची, मराठी बोलणारी,
आणि मला "फरीथी"ला
मराठीत काय म्हणतात ते आठवत नाही.