फुलीटाका

ग्ल्दानीतल्या त्या नऊ मजली इमारतीच्या दाराला
नोव्हेंबरात मी यंत्र बसवलं.
किल्ल्या बाद. मोबाइल दाखवा, आत या.

आठव्या मजल्यावरच्या नाझिब्रोलाबाईंकडे
बटणांचा फोन. त्यात आवाज येतो,
चित्र येत नाही.
म्हणून त्यांचा क्यूआर कोड कागदावर छापून दिला.
पहिल्याच बर्फात त्याचा लगदा झाला.
दुसऱ्याचाही.

मग त्यांनी तो भरायलाच घेतला,
पांढऱ्या कापडावर काळा दोरा,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर, घरं मोजत
अकरा रात्री.
"तीन कोपऱ्यांत तीन चौकोन," म्हणाल्या,
"चौथ्यात विसरलात वाटतं?"

कापड यंत्रासमोर धरलं.
दार उघडलं.
नंतर निरखून पाहिलं, तर
सहा फुल्या चुकलेल्या.
एवढं ते पोटात घालतं, मी सांगितलं,
तशी सोयच असते त्यात.

परवा समितीच्या वाख्तांगचा निरोप:
चार महिन्यांची वर्गणी थकली,
आठव्याचा कोड बंद कर.
एक बोट लागतं त्याला.
आवाजही होत नाही.

रात्री यादी उघडून बसलो.
चहा निवला.
त्यांच्या नावावर बोट ठेवलं, उचललं,
आणि खालच्या ओळीतला
बटूमीला निघून गेलेल्या कुणाचा तरी
रिकामा फ्लॅट पुसून टाकला.
विचारलं तर म्हणेन, नजरचूक.

आज त्या दाराशी भेटल्या.
चौथ्या कोपऱ्यात आता
लाल दोऱ्याचं डाळिंब भरलंय,
बोराएवढं.

तरी उघडतं.