दुसरी बाजू, तिसरं गाणं

व्हर्लीन सुई नेमकी तिथेच ठेवते,
ट्रम्पेट दम खायला थांबतो
त्या अडीच सेकंदांत.

लोक या तबकडीला थोर म्हणतात.
असेल.
तिला ऐकायचा असतो बापाचा हुंकार,
जाड तारेवर खर्ज दाबताना
नकळत सुटलेला,
जिन्यावरून पियानो चढवणाऱ्या हमालासारखा.

त्या दिवशी त्यानं कुणालाच कागद दिला नव्हता.
ज्याची त्याची ओळ
ज्याच्या त्याच्या कानाशी गुणगुणला,
आणि ड्रमवाल्या लूशसला एवढंच: "जरा उशीर कर."

रेकॉर्डिंगवाला म्हणाला, हुंकार पुसू या.
मग बेसही पूस, बाप म्हणाला.

बाहेर फिलाडेल्फियात कुणी बर्फ उपसतंय.
ती आवाज वाढवते.
खाच झिजलीय तिथं,
हुंकार खरखरतो हल्ली,
म्हातारा होत चाललाय

बाप झाला नाही तितका.